तिसरीपर्यंतची शाळा, विद्यापीठाला नाव
यावली येथे ३० एप्रिल १९०९ रोजी जन्मलेल्या माणिक इंगळे यांची शाळा तिसरीतच सुटली. वरखेडच्या आडकोजी महाराजांनी त्यांना ‘तुकड्या’ हे नाव दिले. १९३५ मध्ये तुकडोजी महाराजांनी तिवसा तालुक्यातील मोझरी येथे गुरुकुंज आश्रम स्थापिला. तो लोकवर्गणी आणि श्रमदानावर उभा राहिला. पहाटेचे ध्यान, ग्रामसफाई, सायंकाळची सामुदायिक प्रार्थना हा तिथला नित्यक्रम. १९४२ च्या आंदोलनात त्यांनी कारावासही भोगला. ११ ऑक्टोबर १९६८ रोजी मोझरीतच त्यांचे निर्वाण झाले.

२००५ मध्ये नागपूर विद्यापीठाला त्यांचे नाव मिळाले. गंमत अशी, की तिवशाच्या मुलांना पदवी मिळते ती अमरावती विद्यापीठाची. आणि त्यावर नाव असते दुसऱ्या फकिराचे, गाडगेबाबांचे.