गुरुजी घडविणारे कर्मवीर

डोंगरातील वाडीवर शाळा काढावयाची, तर तेथे राहून शिकवावयास कोण जाणार? कर्मवीर भाऊराव पाटील यांना हा प्रश्न सतत भेडसावीत असे. १८८७ साली कुंभोज येथे जन्मलेल्या भाऊरावांचे स्वतःचे शिक्षण अर्ध्यावरच थांबले होते. पण रयतेची मुले शिकलीच पाहिजेत, हा त्यांचा ध्यास होता. १९१९ साली काले या गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ साली साताऱ्यास वसतिगृह उघडले. तेथे सर्व जातींची मुले एकत्र राहत, एकाच पंक्तीत जेवत. त्या काळी ही सामान्य गोष्ट नव्हती! एकदा वसतिगृहातील धान्य संपले, तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी गळ्यातील मंगळसूत्रही विकावयास दिले, आणि मुले उपाशी राहिली नाहीत.

अशा गरीब मुलांतूनच शिक्षक निर्माण करावेत, असे भाऊरावांनी ठरविले. त्यासाठी १९३५ साली साताऱ्यास प्राथमिक शिक्षकांचे ट्रेनिंग कॉलेज निघाले. पैसा नाही म्हणून कोणाची वाट अडू नये, यासाठी संस्थेत श्रमाला पैशाचे मोल होते. विद्यार्थी शेतात राबत, पाणी भरीत, स्वयंपाक करीत आणि शिकत. पुढे जेथे शाळा नव्हती, अशा खेड्यांत संस्थेने शेकडो शाळा उघडल्या. कोठे देवळात, कोठे चावडीत वर्ग भरू लागले, आणि शेतकऱ्याचा मुलगा गुरुजी म्हणून फळ्यापुढे उभा राहिला.

माध्यमिक शिक्षकांसाठीही १९५५ साली साताऱ्यात आझाद कॉलेज ऑफ एज्युकेशन सुरू झाले. त्यानंतर चार वर्षांनी, ९ मे १९५९ रोजी, भाऊरावांचे देहावसान झाले.