देशांच्या मेहनतीचा हिशेब मांडणारा माणूस : डेव्हिड रिकार्डो

परदेशी मालावर जकात वाढली, कांद्याची निर्यात थांबली, बाहेरच्या स्वस्त कापडामुळे यंत्रमाग बंद पडले, अशा बातम्या आपल्या घरात नेहमीच येतात. मग चर्चा रंगते. एक म्हणतो, बाहेरचा माल बंदच करा. दुसरा म्हणतो, गरिबाला स्वस्त मिळतंय तर मिळू द्या की. हा वाद आजचा नाही. दोनशे वर्षांपूर्वी या वादात सर्वांत भक्कम बाजू ज्यांनी मांडली, ते डेव्हिड रिकार्डो. अर्थशास्त्राचा पेपर देणारी मुलं त्यांचं नाव पाठ करतात आणि परीक्षा संपली की विसरतात. आम्हाला वाटतं, त्यांचं आयुष्य समजून घेतलं तर सिद्धांत कळतो आणि तो कुठे अडतो तेही कळतं.

रिकार्डो यांचा जन्म १८ एप्रिल १७७२ रोजी लंडनमध्ये एका यहुदी कुटुंबात झाला. त्यांचे पूर्वज पोर्तुगालकडचे. १४९२ मध्ये ग्रॅनडा पडल्यावर अंदलुसच्या भूमीतून आधी यहुद्यांना आणि पुढे मुसलमानांना कसं घालवलं गेलं, हा इतिहास आपल्या वाचकांना ठाऊक आहे. त्या उलथापालथीत विखुरलेल्या घराण्यांपैकी हे एक. ते हॉलंडमधल्या ॲमस्टरडॅम शहरात स्थिरावलं आणि डेव्हिडचे वडील अब्राहम तिथून लंडनला आले. शेअर बाजारातली दलाली हा त्यांचा धंदा. घरात मुलंबाळं भरपूर, डेव्हिड त्यातले तिसरे. अकराव्या वर्षी त्यांना शिकायला ॲमस्टरडॅमला पाठवलं आणि चौदाव्या वर्षी वडिलांनी त्यांना धंद्यात घेतलं. विद्यापीठाची पायरी ते कधी चढले नाहीत. बाजार हीच त्यांची शाळा.

१७९३ मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी, त्यांनी प्रिसिला विल्किन्सन या ख्रिस्ती क्वेकर पंथातल्या मुलीशी लग्न केलं. घरच्यांना ते मान्य नव्हतं. आईवडिलांनी संबंध तोडले, वडिलांचा धंदाही सुटला. डेव्हिड यहुदी समाजापासून दूर झाले आणि पुढे ख्रिस्ती धर्मातल्या एकेश्वरवादी युनिटेरियन पंथाकडे वळले. हातात भांडवल फारसं नव्हतं, पण बाजारात त्यांच्या शब्दाला किंमत होती. त्या भरवशावर त्यांना आधार मिळाला. सरकारी कर्जरोख्यांच्या व्यवहारात त्यांनी इतकी कमाई केली की थोड्याच वर्षांत ते लंडनच्या धनवान लोकांत गणले जाऊ लागले.

अर्थशास्त्राकडे ते वळले ते योगायोगाने. १७९९ मध्ये बाथ या गावी मुक्कामाला असताना ॲडम स्मिथ यांचा राष्ट्रांच्या संपत्तीवरचा ग्रंथ त्यांच्या हाती लागला. त्यानंतर दहा वर्षं ते वाचत आणि विचार करत राहिले. तेव्हा नेपोलियनशी युद्ध चालू होतं. १७९७ पासून बँक ऑफ इंग्लंडने नोटांच्या बदल्यात सोनं देणं थांबवलं होतं. सोनं महाग होत होतं, बाजारात भाव चढत होते. १८०९ मध्ये रिकार्डो यांनी एका वर्तमानपत्रात लिहिलं की सोनं महाग झालेलं नाही, नोटा जास्त छापल्यामुळे नोटच स्वस्त झाली आहे. या एका लेखाने शेअर बाजारातल्या दलालाचं नाव देशभर झालं.

१८१५ मध्ये युद्ध संपलं आणि नवाच प्रश्न उभा राहिला. युद्धाच्या काळात बाहेरचा गहू सहज येत नव्हता, म्हणून इंग्लंडमधल्या जमीनदारांना चांगला भाव मिळत होता. आता स्वस्त परदेशी गहू येणार, ही त्यांची भीती. पार्लमेंटमध्ये जमीनदारांचंच वजन. त्यांनी कायदा केला की देशी गव्हाचा भाव एका क्वार्टरला, म्हणजे साधारण सव्वादोनशे किलोला, ८० शिलिंगांवर जाईपर्यंत परदेशी गहू बाजारात विकायचा नाही.

रिकार्डो यांनी याविरुद्ध पुस्तिका लिहिली. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. गहू महाग झाला की पाव महाग होतो. मजुराला निदान पोट भरेल एवढी मजुरी तर द्यावीच लागते, म्हणून मजुरी वाढते. पण त्या वाढलेल्या मजुरीत मजुराच्या हाती जादा काही उरत नाही, आणि कारखानदाराचा नफा मात्र घटतो. कसदार जमीन ज्याच्या ताब्यात आहे त्याचा खंड तेवढा फुगतो. मजूर आणि कारखानदार दोघांच्या खिशातून निघालेला पैसा असा जमीनदाराच्या घरी जातो. आता गंमत बघा. हे लिहिणारे रिकार्डो स्वतः जमीनदार होते. १८१४ मध्येच त्यांनी ग्लॉस्टरशायरमधली गॅटकोम पार्क ही मोठी इस्टेट विकत घेतली होती. आपल्याच वर्गाच्या फायद्याविरुद्ध हिशेब मांडायला हिंमत लागते, ती त्यांच्यात होती.

मित्र जेम्स मिल सतत पाठीमागे लागले, तेव्हा कुठे १८१७ मध्ये रिकार्डो यांचा मोठा ग्रंथ निघाला. त्यातल्या परदेशी व्यापाराच्या प्रकरणात ते प्रसिद्ध उदाहरण आहे. उदाहरण कापड आणि द्राक्षाच्या दारूचं. दुसरा माल आपल्या कामाचा नाही, पण हिशेब समजून घेऊ.

ठरावीक कापड वर्षभरात तयार करायला इंग्लंडला १०० माणसं लागतात आणि ठरावीक दारू करायला १२०. पोर्तुगालला तेवढंच कापड ९० माणसांत होतं आणि तेवढीच दारू ८० माणसांत. म्हणजे पोर्तुगाल दोन्ही कामांत सरस. मग त्याने इंग्लंडकडून काही घ्यावंच कशाला? रिकार्डो सांगतात, तरीही घ्यावं. दोन्ही देशांनी दोन्ही वस्तू घरीच केल्या तर इंग्लंडची २२० आणि पोर्तुगालची १७० माणसं गुंततात. इंग्लंडने दुप्पट कापड केलं तर २०० पुरतात, पोर्तुगालने दुप्पट दारू केली तर १६०. मग निम्म्या मालाची अदलाबदल करायची. दोघांच्या हाती माल पूर्वीइतकाच, पण एकाकडे २० आणि दुसऱ्याकडे १० माणसांची वर्षभराची मेहनत वाचली. यालाच तुलनात्मक लाभ म्हणतात.

हे आपल्या शिवणकामाच्या कारखान्यातही दिसतं. समजा, कटिंग मास्टर दिवसाला ६० शर्ट कापतो, किंवा तेवढ्याच वेळात ६० शर्टांची काज-बटणं करतो. नवा पोरगा १० शर्ट कापतो, पण काज-बटणं ४० शर्टांची करतो. मास्टर दोन्हीत पुढे आहे. तरी कोणताही शहाणा मालक मास्टरला काज-बटणाला बसवत नाही, कारण कटिंगमध्ये तो सहापट पुढे आहे आणि काज-बटणात फक्त दीडपट. आणि तो पोरगा सगळ्यांत मागे असला तरी बिनकामाचा ठरत नाही. कमजोर देशालाही बाजारात जागा असते, हा या सिद्धांतातला दिलासा.

मेहनत आणि किंमत यांचं नातंही रिकार्डो यांनी इथेच उलगडलं. एकाच देशात, ढोबळमानाने, ज्या वस्तूला जास्त मेहनत ती महाग. पण वरच्या उदाहरणात इंग्लंडच्या १०० माणसांचं कापड पोर्तुगालच्या ८० माणसांच्या दारूला जातं. असं का? कारण त्यांच्या मते माणूस आणि भांडवल सहजासहजी देश सोडत नाहीत. आपलं गाव, आपली माणसं, आपले कायदे सोडून परक्या मुलखात जायला कोण लगेच तयार होतो? तसं नसतं तर कापडवाले आणि दारूवाले दोघेही पोर्तुगालातच जाऊन बसले असते. आज कोकणातल्या कितीतरी घरांतली माणसं आखाती देशांत कमावतात. माल जातो तसा मजूरही जातो, पण तो एकटा जातो आणि घर मागे राहतं. रिकार्डो यांच्या गणितात ही माणसं नव्हती.

आणखी एक गोष्ट त्या गणितात नव्हती. इंग्लंडमध्ये दारू करणाऱ्या १२० माणसांचं पुढे काय होतं? पोर्तुगालच्या ९० विणकरांचं काय? कागदावर ती एका रकान्यातून दुसऱ्या रकान्यात जातात. खऱ्या आयुष्यात विणकर एका दिवसात द्राक्षाचा मळेवाला होत नाही. देशाला फायदा झाला, हे खरं. पण तो देशातल्या कुणाला झाला आणि किंमत कुणी मोजली, हा वेगळा प्रश्न आहे.

हा प्रश्न आपल्याकडे फार जवळचा आहे. ज्या इंग्लंडने पुढे मुक्त व्यापाराचे धडे दिले, त्याच इंग्लंडने १७०० च्या कायद्याने हिंदुस्थानच्या छापील सुती कापडाची आयात बंद केली होती आणि १७२१ मध्ये ते वापरण्यावरही बंदी आणली होती. १८१३ मध्ये हिंदुस्थानच्या व्यापारातली कंपनीची मक्तेदारी संपली आणि गिरणीचं कापड इकडच्या बाजारात वाढत गेलं. हा दोन बरोबरीच्या देशांचा सौदा नव्हता. एक राज्यकर्ता होता, दुसरा प्रजा. जकात किती, हे एकच बाजू ठरवत होती. हातमागाची कितीतरी घरं त्यात मोडली. उत्तरेतून निघून मालेगाव आणि भिवंडीत आलेल्या मोमीन विणकरांच्या नातवंडांना हे पुस्तकात वाचावं लागत नाही.

रिकार्डो १८१९ मध्ये पार्लमेंटचे सदस्य झाले. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे आयर्लंडमधल्या पोर्टारलिंग्टनची जागा त्यांनी पैसे मोजून मिळवली. ख्रिस्ती शपथेची अट असल्यामुळे यहुदी माणसाला तेव्हा तिथे बसता येत नव्हतं. तिथे गेल्यावर त्यांनी धान्याच्या कायद्याला विरोध केलाच, पण धर्माबद्दलच्या मतांसाठी माणसाला तुरुंगात टाकण्यालाही विरोध केला. ती मतं स्वतःला पटत नसतानाही केला.

त्यांचं सर्वांत मोठं काम मात्र आम्हाला वेगळंच वाटतं. यंत्र आलं तरी शेवटी सगळ्यांचं भलंच होतं, असं ते आधी मानत होते. पुन्हा विचार केल्यावर त्यांना ते पटेना. १८२१ मध्ये ग्रंथाची तिसरी आवृत्ती निघाली तेव्हा त्यांनी त्यात यंत्रांवर नवं प्रकरण घातलं आणि उघडपणे मान्य केलं की यंत्रामुळे मालकाचं उत्पन्न वाढत असतानाच मजुराचं नुकसान होऊ शकतं, आणि मजुरांची यंत्राबद्दलची भीती अडाणीपणाची नाही. त्यांच्या काही चाहत्यांना हे आवडलं नाही. यंत्रांवर बंदी घाला, असं ते म्हणाले नाहीत. पण मजुराची तक्रार त्यांनी हिशेबात धरली.

११ सप्टेंबर १८२३ रोजी, कानाच्या दुखण्याचा विकार वाढून, गॅटकोम पार्क इथे त्यांचं निधन झालं. वय अवघं ५१. ज्या धान्याच्या कायद्याशी ते झगडले, तो १८४६ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर २३ वर्षांनी रद्द झाला.

आज कुणी सांगितलं की बाहेरचा माल आला की देश बुडतो, तर त्याला रिकार्डो यांचं १८१७ चं गणित दाखवावं. आणि कुणी म्हणालं की व्यापार वाढला म्हणजे सगळ्यांचं आपोआप भलं होतं, तर त्याच्यासमोर १८२१ चं प्रकरण ठेवावं. व्यापारात जी मेहनत वाचते तिचा काही वाटा, ज्याचा माग बंद पडला त्याच्या घरी पोचतो का, त्याच्या मुलांना नवं हुन्नर शिकायला मिळतं का, हे विचारायला आपल्याला अर्थशास्त्रज्ञ असावं लागत नाही. मतं मागायला येणाऱ्यांना तर हे जरूर विचारावं.