नवसारीच्या जमशेटजींनी मुंबईत हॉटेल बांधले तेव्हा

नवसारी पूर्वी आपल्या बडोदा संस्थानात होती, हे मंडळातल्या तरुण सभासदांना मुद्दाम सांगावे लागते. गायकवाडांच्या अमलातल्या या गावी ३ मार्च १८३९ रोजी, पारशी धर्मगुरूंच्या घराण्यात, जमशेटजी नसरवानजी टाटा यांचा जन्म झाला. पोलादाचा कारखाना, पाण्यापासून वीज, बंगळूरची विज्ञान संस्था या त्यांच्या तीन मोठ्या कल्पना शाळेच्या पुस्तकात असतात. या तिन्ही त्यांच्या मृत्यूनंतर मुलांनी आणि सहकाऱ्यांनी पुऱ्या केल्या. त्यांच्या डोळ्यांदेखत उभे राहिले ते चौथे स्वप्न, म्हणजे मुंबईचे ताजमहाल हॉटेल. आणि नेमके त्याच्याच वाट्याला घरच्यांची थट्टा आली होती.

त्यांची सुरुवातीची वर्षे थोडक्यात सांगतो. घराण्याचा पिढीजात व्यवसाय पौरोहित्याचा. तो सोडून वडील नसरवानजी व्यापारासाठी मुंबईला गेले. मुलगाही मागोमाग गेला, एल्फिन्स्टन कॉलेजात शिकला आणि १८५८ मध्ये शिक्षण पुरे करून वडिलांच्या पेढीत शिरला. १८५९ मध्ये हाँगकाँगला गेला. अमेरिकेतले यादवी युद्ध संपल्यावर १८६५ मध्ये कापसाचे भाव कोसळले, तेव्हा तो लंडनमध्ये होता आणि पेढीचे देणेकरी दारात उभे होते. १८६८ मध्ये २१ हजार रुपयांच्या भांडवलावर त्याने स्वतःची पेढी काढली. पुढे नागपूरची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली आणि जमशेटजी हे नाव सगळीकडे माहीत झाले.

एम्प्रेस मिलचा या गोष्टीशी जवळचा संबंध आहे. नागपूरचा उन्हाळा वेगळा सांगायला नको. त्या उन्हाळ्यात माणसे दिवसभर मागावर उभी राहायची तर आत हवा खेळती हवी, दमटपणा राखायला हवा, आगीची धास्ती कमी हवी. जमशेटजींनी गिरणीत यासाठी यंत्रे बसवली. कामगारांसाठी निवृत्तिवेतनाचा निधी आणि अपघाताची भरपाई या गोष्टीही तिथे फार लवकर आल्या. इमारत म्हणजे भिंती आणि छप्पर एवढेच नव्हे, तिच्यात वारा, पाणी आणि माणसे यांची व्यवस्था लागते, हे ते गिरणीत शिकले, असे मला वाटते. हॉटेलात हेच शिक्षण कामी आले.

त्या काळी प्रवासात राहायची सोय कशी होती, हेही पाहू. आपल्याकडे धर्मशाळा होत्या, सराया होत्या, मुसाफिरखाने होते, सरकारी अंमलदारांसाठी डाक बंगले होते. बाकी ज्याने त्याने आपल्या जातीच्या किंवा नात्याच्या घरी उतरायचे. पैसे देऊन कुणीही यावे, राहावे आणि एका पंगतीत जेवावे, ही कल्पनाच परकी होती. १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये काही प्रतिष्ठित मंडळींनी नुसता चहा घेतला, तर केवढे प्रकरण झाले! रानडे आणि टिळक दोघेही त्यात होते आणि प्रायश्चित्तापर्यंत गोष्ट गेली. मराठीत आजही हॉटेल म्हटले की मिसळ-चहाचे दुकान डोळ्यांसमोर येते आणि राहायला आपण लॉज शोधतो. त्या शब्दात मुक्कामाचा अर्थ उशिरा शिरला, याचे हे एक कारण असावे.

मुंबईत युरोपियनांसाठी वॉटसनचे हॉटेल होते. लोखंडी सांगाडा इंग्लंडहून आणून उभारलेली ती इमारत १८७१ पासून चालू होती, आणि ल्युमिए बंधूंची हलती चित्रे हिंदुस्थानात प्रथम दाखवली गेली ती तिथेच, १८९६ च्या जुलैत. जमशेटजींना तिथे हिंदी माणूस म्हणून प्रवेश नाकारला आणि त्या रागाने त्यांनी ताज बांधले, अशी गोष्ट सर्वत्र सांगितली जाते. ऐकायला छान आहे. पण तिला त्या काळचा लेखी आधार मिळत नाही, आणि मला ती पटतही नाही. ज्या माणसाने पोलादाच्या कारखान्याचा विचार वर्षानुवर्षे मनात वागवला, तो एका दिवसाच्या रागावर एवढी इमारत बांधेल काय?

मला खरे कारण त्याच वर्षीच्या प्लेगमध्ये दिसते. १८९६ च्या सप्टेंबरमध्ये मांडवी भागात प्लेग उघडकीला आला. पुढच्या काही महिन्यांत शहराची जवळजवळ निम्मी वस्ती गाव सोडून गेली. मुंबईहून निघालेल्या बोटींना परक्या बंदरांत अडवून ठेवू लागले. व्यापारावर जगणाऱ्या शहराला याहून वाईट काय असणार? बाहेरच्या माणसाने मुंबईत यावे, निर्धास्तपणे राहावे, असे काहीतरी हवे होते. टाइम्स ऑफ इंडियाचे संपादक लोव्हॅट फ्रेझर यांनी मुंबईतल्या हॉटेलांच्या अवस्थेबद्दल जमशेटजींकडे कुरकुर केली होती, आणि जमशेटजींनी त्यांना आपण स्वतः एक बांधणार असल्याचे सांगितले, असे फ्रेझर यांनी लिहून ठेवले आहे. प्लेग चालू असतानाच, १८९८ मध्ये, अपोलो बंदराजवळची समुद्रातून भरून काढलेली जागा ९९ वर्षांच्या पट्ट्याने घेतली गेली. पैसा जमशेटजींचा स्वतःचा होता. हॉटेल आपल्या मालकीचे राहावे असाही त्यांचा हट्ट नव्हता. लोक हिंदुस्थानात यावेत एवढीच इच्छा होती.

घरी मात्र वेगळेच झाले. विज्ञानाची संस्था काढतोस, लोखंडाचा कारखाना काढतोस, आणि आता भटारखाना बांधणार का, असे त्यांच्या एका बहिणीने गुजरातीत विचारल्याची आठवण आहे. धर्मगुरूंच्या घरात वाढलेल्या बाईला, पैसे घेऊन परक्यांना जेवू घालणे हे आपल्या घराला शोभणारे नाही, असे वाटले तर नवल नाही. आपल्याही घरांत हॉटेल मॅनेजमेंटला जातो म्हणणाऱ्या मुलाला असे काही ऐकावे लागते, ते अजून पुरते थांबलेले नाही.

आराखडा केला तो रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य या आपल्या मराठी वास्तुविशारदाने, डी. एन. मिर्झा यांच्याबरोबर. ताजबद्दल बोलताना हे नाव क्वचितच घेतले जाते. बांधकाम खानसाहेब सोराबजी रतनजी कॉन्ट्रॅक्टर यांचे. मधला प्रसिद्ध, अधांतरी वाटावा असा जिनाही त्यांच्याच कल्पनेतला. शेवटी इंग्रज इंजिनिअर डब्ल्यू. ए. चेंबर्स यांनी काम पुरे केले. इमारत चुकून उलटी बांधली गेली आणि ते पाहून परदेशी वास्तुकाराने जीव दिला, ही दुसरी आवडती दंतकथा. तसे काही घडलेले नाही. घोडागाड्या शहराच्या बाजूने येत, म्हणून प्रवेशद्वार त्या बाजूला ठेवले होते.

सामानाची खरेदी जमशेटजींनी स्वतः फिरून केली. विजेची यंत्रे ड्यूसेलडॉर्फहून, झुंबरे बर्लिनहून, पंखे अमेरिकेतून. पॅरिसच्या प्रदर्शनात लोखंडी खांब पाहिले, आवडले, तेही उचलले. नाचाच्या दालनाचा भार त्यांच्यावर आहे. मुंबईला घरोघर वीज मिळायची होती, म्हणून हॉटेलने स्वतःची वीज निर्माण केली. बर्फाचा कारखाना, सोडावॉटरचा कारखाना, धुलाईघर, भांड्यांना मुलामा देण्याची सोय, लिफ्ट, तुर्की पद्धतीची न्हाणीघरे, असे सगळे एका छपराखाली आणले. आज यातले बरेच काम बाहेरच्या कंत्राटदाराला देता येते. तेव्हा शहरात मिळतच नव्हते, म्हणून घरचेच करावे लागले. पाहुण्याला खोली दिसते आणि ताट दिसते. खर्च आणि अक्कल मात्र तळघरातल्या यंत्रांत, पाण्याच्या नळांत आणि चादरी धुणाऱ्या हातांत गेलेली असते. या धंद्यात उतरू पाहणाऱ्याने तिकडे आधी पाहावे.

१६ डिसेंबर १९०३ रोजी हॉटेल उघडले. इमारत पुरी झाली नव्हती, घुमटाचे काम बाकी होते. पहिले पाहुणे होते अवघे १७. खोलीचा दर दिवसाला १० ते १३ रुपयांच्या घरात होता. आज हसू येते, पण गिरणी कामगाराला तेवढे पैसे मिळवायला महिन्यातले कितीतरी दिवस राबावे लागे. म्हणजे ताज सामान्य माणसासाठी नव्हते, हेही स्पष्ट म्हटले पाहिजे. वॉटसनसारखे ते एकाच वर्णाच्या लोकांसाठी मात्र नव्हते. ज्याच्या खिशात पैसे होते त्याला दार उघडे होते, मग तो संस्थानिक असो, पारशी व्यापारी असो की बोटीवरून उतरलेला साहेब. पंचहौदचा चहा होऊन तेव्हा तेराच वर्षे झाली होती.

जमशेटजींना हे हॉटेल फार दिवस पाहता आले नाही. १९०४ च्या मार्चमध्ये पत्नी हिराबाई गेल्या. स्वतःची प्रकृती आधीच ढासळलेली होती. उपचारांसाठी ते युरोपात गेले आणि १९ मे १९०४ रोजी जर्मनीतल्या बाड नाउहाइम या गावी त्यांचे निधन झाले. त्यांचा देह इंग्लंडमध्ये ब्रुकवुड येथे विसावला आहे.

पहिल्या महायुद्धात ताजचे ६०० खाटांचे लष्करी इस्पितळ झाले. समोरचे गेटवे ऑफ इंडिया १९२४ मध्ये खुले झाले. तोवर वीस वर्षे बंदरात शिरणाऱ्या प्रवाशाला मुंबईची पहिली खूण म्हणून दिसत होते ते हॉटेलच. पुढे त्याचे मुख्य दार शहराच्या बाजूहून समुद्राच्या बाजूला नेले. गाड्या जिथे येऊन थांबत, त्या जुन्या दाराकडच्या जागी आता पोहण्याचा तलाव आहे.