विकतची कवायत आणि शेजाऱ्याचें भय

शेजाऱ्यानें तोफा वाढविल्या म्हणजे आपणही वाढवाव्या, हा राजनीतीचा जुना परिपाठ आहे. त्याचा हिशेब अखेरीस कोठें जाऊन बसतो हें ज्यांस पहावयाचें असेल, त्यांनीं महादजी शिंदे यांचें चरित्र अवश्य पहावें.

राणोजी शिंद्यांचे हे पुत्र १७६१ सालीं पानिपतावरून पायास कायमची जखम घेऊन परतले. पुढें इंग्रजांशीं लढतांना कवायती पायदळाचें बळ त्यांच्या ध्यानांत आलें. १७८२ चा सालबाईचा तह त्यांच्याच मध्यस्थीनें झाला. परंतु उत्तरेंत रजपूत, मोगल सरदार व इंग्रज अशा साशंक शेजाऱ्यांत टिकावयाचें, तर केवळ घोडदळावर भागणार नाहीं, हें ते जाणून होते. म्हणून १७८४ सालीं त्यांनीं सॅव्हॉय प्रांतींचा द बॉयन यास चाकरीस ठेविलें. पलटणी उभ्या राहिल्या, आग्र्यास तोफा ओतण्याचा कारखाना निघाला, आणि फौजेच्या पगारासाठीं दुआबांतील मुलूख तोडून देण्यांत आला. १७९० सालीं पाटण व मेडता येथें रजपूत फौजांचा मोड झाला.

हा विजय पाहून घरचाच शेजारी सावध झाला. होळकरांनीं दुद्रनेक नांवाच्या फ्रेंच सरदाराकडून तशाच पलटणी तयार करविल्या. १७९३ सालीं लाखेरीस मराठ्यांच्या या दोन फौजा एकमेकींवर तुटून पडल्या व होळकरांच्या पलटणी धुळीस मिळाल्या. १२ फेब्रुवारी १७९४ रोजीं महादजी पुण्याजवळ वानवडीस निवर्तले.

उभयतांनीं ओतलेल्या पैशाचें फळ १८०३ सालीं दिसलें. इंग्रजांशीं युद्ध जुंपतांच शिंद्यांचा सेनापति पेरों चाकरी सोडून इंग्रजांच्या आश्रयास गेला. अनेक गोऱ्या अंमलदारांनींही तोच मार्ग धरिला. होळकर अलिप्त राहिले. असई व लासवारी येथें एतद्देशीय गोलंदाज तोफांपाशीं झुंजत मेले, पण त्यांस चालविणारे अधिकारी आपले नव्हते. वर्षअखेर सुर्जी-अंजनगांवचा तह होऊन दुआब गेला.

महादजींची दूरदृष्टि खोटी नव्हती. उणीव होती ती दोन गोष्टींची. नवी विद्या विकत घेतली, पण ती शिकवून आपल्याच मुलांतून अंमलदार निर्माण करणारी शाळा काढिली नाहीं. आणि शेजाऱ्याशीं असलेला तंटा सलोख्यानें तोडण्याऐवजीं तोफेवर सोंपविला. तोफ मोल देऊन मिळते, तिच्यावरील हुकमत मिळत नाहीं. शस्त्रखरेदीच्या प्रत्येक करारावर सही करण्यापूर्वीं राज्यकर्त्यांनीं हा जमाखर्च एकवार वाचावा, एवढीच आमची सूचना आहे.