डॉ. हॅन्सन : जंतूचा शोध आणि एक खटला

१८८० च्या मे महिन्यात नॉर्वेतील बर्गन शहरात एका डॉक्टरावरील खटल्याचा निकाल लागला. आरोपी होता कुष्ठरोग नियंत्रणाचा देशातील मुख्य वैद्यकीय अधिकारी, आणि ज्या स्त्रीच्या बाबतीत अपराध घडला ती त्याच्याच रुग्णालयातील रुग्ण होती. न्यायालयाने त्याला रुग्णालयातील पदावरून दूर केले. ज्याच्या नावाने आज कुष्ठरोग ओळखला जातो, तेच हे डॉ. गेरहार्ड आरमाउर हॅन्सन.

हॅन्सन यांचा जन्म २९ जुलै १८४१ रोजी बर्गनमध्ये झाला. घरात पंधरा भावंडे, आणि वडिलांचा व्यापार बुडालेला. स्वतः कमावून त्यांनी शिक्षण घेतले आणि १८६६ मध्ये ते वैद्यकीय पदवीधर झाले. काही काळ लोफोटेन बेटांवरील मच्छीमारांचे डॉक्टर म्हणून काम करून १८६८ मध्ये ते बर्गनला परतले. युरोपातील इतर देशांतून कुष्ठरोग जवळजवळ नाहीसा झाला असताना नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावरील शेतकरी आणि कोळी कुटुंबांत मात्र तो ठाण मांडून बसला होता. १८५६ मध्ये सरकारने रुग्णांची राष्ट्रीय नोंदवही सुरू केली, तेव्हा अडीच हजारांहून अधिक रुग्ण आढळले. लहानशा लोकसंख्येच्या देशात हा आकडा भयावह होता.

बर्गनमध्ये या रोगावरचा अधिकारी शब्द होता डॉ. डॅनिएल डॅनिएलसन यांचा. कुष्ठरोग आनुवंशिक आहे, असे त्यांचे ठाम मत होते. आपल्या अंगात रोग टोचून घेऊनही त्यांना तो झाला नव्हता, त्यामुळे हे मत अधिकच पक्के झाले. हॅन्सन त्यांचे साहाय्यक झाले आणि १८७३ च्या आरंभी जावईही. ज्या घरात राहायचे, त्याच घरातील सिद्धांत खोटा ठरवण्याचे काम त्यांनी हाती घेतले होते. तरीही दोघांतील जिव्हाळा टिकला, हे विशेष. पत्नी मात्र त्याच वर्षी क्षयाने गेली.

हॅन्सन खेडोपाडी, फ्योर्डच्या काठच्या वस्त्यांवर फिरले. कोणाच्या घरात रोग आधी शिरला, कोण कोणाबरोबर राहत होते, कोण एकाच अंथरुणात झोपत होते, याची त्यांनी बारकाईने चौकशी केली. रोग रक्तातून उतरतो की सहवासातून लागतो, याचे उत्तर सूक्ष्मदर्शकाइतकेच या पायपिटीतही दडलेले होते. २८ फेब्रुवारी १८७३ रोजी एका रुग्णाच्या गाठीतील द्रवात त्यांना काडीसारखे सूक्ष्म जीव दिसले. पुढच्या वर्षी त्यांनी हे निरीक्षण प्रसिद्ध केले, पण फार सावधपणे.

या शोधाची वार्ता मुंबईलाही लवकरच पोहोचली. साताऱ्यात सिव्हिल सर्जन राहिलेले आणि ग्रँट मेडिकल कॉलेजशी संबंधित असलेले डॉ. हेन्री व्हॅनडाइक कार्टर १८७३ मध्येच नॉर्वेला गेले होते. तेथील व्यवस्था पाहून त्यांनी हिंदुस्थानासाठी अहवाल लिहिला आणि हॅन्सन यांच्या संसर्गाच्या मताचा पुरस्कार केला.

जंतू दिसला, तरी तोच रोगाचे कारण आहे हे सिद्ध करणे अवघड होते. तो प्रयोगशाळेत वाढत नव्हता (आजही कृत्रिम माध्यमात वाढत नाही), सशांना टोचून रोग होत नव्हता. त्यातच १८७९ मध्ये जर्मनीहून अल्बर्ट नायसर हा तरुण संशोधक आला. हॅन्सन यांनी त्याला विश्वासाने नमुने दिले. नायसरने ते जंतू नीट रंगवून दाखवले आणि शोधाचे श्रेयही जणू आपल्याच नावावर केले. हॅन्सन यांना पुन्हा लेख लिहून आपला अग्रहक्क मांडावा लागला.

पुराव्याची ही घाई त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये घातक ठरली. तेहतीस वर्षांच्या एका रुग्ण स्त्रीच्या डोळ्याला हॅन्सन यांनी दुसऱ्या रुग्णाच्या गाठीतील द्रव्य लावलेल्या हत्याराने टोचले. तिला बधिरतेच्या प्रकारचा कुष्ठरोग होता. त्यातून गाठींचा प्रकार निर्माण होतो का, हे त्यांना पाहायचे होते. तिची परवानगी त्यांनी घेतली नव्हती. विचारले असते तर तिने नकार दिला असता, हे त्यांनी न्यायालयात मान्यही केले. प्रयोगातून काहीच निष्पन्न झाले नाही. तिच्या वेदना मात्र खऱ्या होत्या, आणि तिने रुग्णालयाच्या धर्मगुरूंकडे केलेल्या तक्रारीतून खटला उभा राहिला. एका गरीब, असहाय स्त्रीचे म्हणणे त्या काळात न्यायालयापर्यंत गेले आणि मान्य झाले, ही गोष्ट लहान नव्हे.

राष्ट्रीय अधिकारीपद मात्र शाबूत राहिले. पुढची तीन दशके हॅन्सन यांनी तेच काम केले. गरीब रुग्णांना शेतकऱ्यांच्या घरी पाळीपाळीने ठेवण्याची जुनी पद्धत १८७७ च्या कायद्याने बंद झाली. १८८५ च्या कायद्याने घरी स्वतंत्र खोली किंवा रुग्णालय, असा पर्याय रुग्णांसमोर ठेवला. १८८८ मध्ये ते अमेरिकेत गेले. तेथे स्थायिक झालेल्या नॉर्वेजियन रुग्णांच्या संततीत त्यांना एकही कुष्ठरोगी आढळला नाही. आनुवंशिकतेच्या मताला हा मोठाच धक्का होता. नॉर्वेतील रुग्णसंख्या झपाट्याने घटली. तिचे श्रेय त्यांनी अलगीकरणाला दिले; सुधारलेल्या राहणीमानाचाही त्यात वाटा असावा, असे आज मानले जाते. १८९७ च्या बर्लिन परिषदेने त्यांचे धोरण उचलून धरले. जगभरात मात्र त्याच धोरणाच्या आधारे कितीतरी कठोर कायदे झाले आणि असंख्य रुग्ण घरादारापासून तुटले. नॉर्वेच्या नियमांतली थोडीफार मोकळीकही त्यांच्या वाट्याला आली नाही.

१२ फेब्रुवारी १९१२ रोजी, कामानिमित्त फिरतीवर असताना, फ्लोरो या किनारी गावात हॅन्सन यांचे निधन झाले. बर्गनच्या सेंट यॉर्गेन रुग्णालयातील शेवटचे दोन कुष्ठरुग्ण १९४६ मध्ये वारले. ती इमारत आता संग्रहालय आहे, आणि बर्गनमधील कुष्ठरोगाची जुनी दप्तरे २००१ मध्ये युनेस्कोच्या जागतिक स्मृती नोंदणीत समाविष्ट झाली.