स्वांते अऱ्हेनियस

स्वांते ऑगस्ट अऱ्हेनियस (१९ फेब्रुवारी, १८५९ – २ ऑक्टोबर, १९२७) हे स्वीडिश भौतिकशास्त्रज्ञ व रसायनशास्त्रज्ञ होते. आम्ल, आम्लारी व क्षार पाण्यात विरघळल्यावर त्यांचे विद्युतप्रभारित आयनांमध्ये विचरण होते, हा सिद्धान्त त्यांनी मांडला. या कार्यासाठी त्यांना १९०३ साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. नोबेल पारितोषिक मिळवणारे ते पहिले स्वीडिश नागरिक होत. व्हिल्हेल्म ओस्टवाल्ड व याकोबस व्हान्ट हॉफ यांच्यासह त्यांची गणना भौतिक रसायनशास्त्राच्या संस्थापकांमध्ये केली जाते.

जीवन व शिक्षण

अऱ्हेनियस यांचा जन्म स्वीडनमधील उप्साला शहराजवळ विक येथे झाला. त्यांचे वडील भूमापक होते. लहान वयातच ते स्वतःहून वाचायला शिकले आणि वडिलांच्या हिशेबाच्या वह्या पाहत त्यांना अंकगणिताची गोडी लागली. १८७६ साली शालेय शिक्षण पूर्ण करून त्यांनी उप्साला विद्यापीठात प्रवेश घेतला. तेथील अध्यापनाने समाधान न झाल्याने १८८१ मध्ये ते स्टॉकहोमला गेले व एरिक एडलुंड यांच्या मार्गदर्शनाखाली विद्राव्य पदार्थांच्या विद्युतवाहकतेचा अभ्यास करू लागले.

प्रबंध व त्याची उपेक्षा

या अभ्यासावर आधारित प्रबंध त्यांनी १८८४ साली उप्साला विद्यापीठास सादर केला. द्रावणातील रेणूंचा काहीच भाग विद्युतवहनात सक्रिय असतो आणि द्रावण विरल केले की हा भाग वाढतो, असे त्यात प्रतिपादन होते. पेर तेओदोर क्लेव्हे आदी प्राध्यापकांना हे विचार पटले नाहीत. प्रबंध स्वीकारला गेला, परंतु त्याला इतकी खालची श्रेणी मिळाली की विद्यापीठातील अध्यापनाचा मार्ग बंद होण्याची वेळ आली.

अऱ्हेनियस यांनी प्रबंधाच्या प्रती युरोपातील शास्त्रज्ञांना पाठवल्या. त्या वेळी रिगा येथे प्राध्यापक असलेले ओस्टवाल्ड त्याने इतके प्रभावित झाले की ते स्वतः उप्सालाला आले व त्यांनी अऱ्हेनियस यांना आपल्याकडे पद देऊ केले. यानंतर उप्साला विद्यापीठानेही त्यांची अध्यापक म्हणून नियुक्ती केली. १८८६ पासून त्यांनी शिष्यवृत्तीवर ओस्टवाल्ड, कोलराउश, बोल्ट्झमन व व्हान्ट हॉफ यांच्यासमवेत संशोधन केले.

आयन सिद्धान्त

विद्युतप्रवाहामुळेच आयन निर्माण होतात, अशी तोपर्यंत सर्वसाधारण समजूत होती. प्रवाह नसतानाही द्रावणात मुक्त आयन असतात, असे अऱ्हेनियस यांनी १८८७ साली स्पष्टपणे मांडले. मिठाच्या द्रावणात सोडिअम सुटा असेल, तर त्याची पाण्याशी जोरदार अभिक्रिया का होत नाही, असा आक्षेप घेतला गेला. प्रभारित आयनाचे गुणधर्म उदासीन अणूच्या गुणधर्मांहून भिन्न असतात, हे त्याचे उत्तर होते.

या सिद्धान्तानुसार पाण्यात हायड्रोजन आयन देतो तो पदार्थ आम्ल आणि हायड्रॉक्साइड आयन देतो तो आम्लारी. तीव्र आम्लाचे विचरण जवळजवळ पूर्ण, तर सौम्य आम्लाचे अंशतः होते.

उदासिनीकरणातील उष्णतेचे जुने कोडेही यामुळे सुटले. विरल द्रावणात हायड्रोक्लोरिक आम्ल व सोडिअम हायड्रॉक्साइड घ्या, किंवा नायट्रिक आम्ल व पोटॅशिअम हायड्रॉक्साइड घ्या. तयार होणाऱ्या प्रत्येक मोल पाण्यामागे सुमारे ५७ किलोज्यूल एवढीच उष्णता बाहेर पडते. क्षार वेगवेगळे तयार झाले तरी प्रत्यक्ष अभिक्रिया एकच असते: हायड्रोजन व हायड्रॉक्साइड आयनांपासून पाणी बनणे. उरलेले आयन द्रावणात तसेच राहतात. ॲसेटिक आम्लासारख्या सौम्य आम्लाच्या बाबतीत काही ऊर्जा विचरणासाठी खर्च होत असल्याने उष्णता किंचित कमी मिळते.

इतर संशोधन

तापमान थोडे वाढवले तरी अभिक्रियेचा वेग पुष्कळ वाढतो. याचे कारण त्यांनी १८८९ साली दिले: किमान ठरावीक ऊर्जा असलेले रेणूच अभिक्रियेत भाग घेतात आणि तापमानाबरोबर अशा रेणूंची संख्या झपाट्याने वाढते. या किमान ऊर्जेला सक्रियण ऊर्जा म्हणतात. संबंधित समीकरण त्यांच्या नावाने ओळखले जाते. हवेतील कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाल्यास पृथ्वीचे तापमान सुमारे ५ ते ६ अंश सेल्सिअसने वाढेल, असे गणित त्यांनी १८९६ साली प्रसिद्ध केले.

सन्मान व उत्तरायुष्य

१८९५ साली ते स्टॉकहोम येथे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक झाले. १९०१ मध्ये विरोध असतानाही स्वीडिश विज्ञान अकादमीवर त्यांची निवड झाली. १९०३ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले, तेव्हा रसायनशास्त्राच्या नोबेल समितीचे अध्यक्ष क्लेव्हेच होते. १९०५ पासून त्यांनी भौतिक रसायनशास्त्राच्या नोबेल संस्थेचे संचालकपद सांभाळले. स्टॉकहोम येथे त्यांचे निधन झाले.

मर्यादा व महत्त्व

अऱ्हेनियस यांची व्याख्या जलीय द्रावणांपुरती मर्यादित आहे. अमोनिया व हायड्रोजन क्लोराइड हे वायू पाण्याशिवायही संयोग पावून क्षार तयार करतात. या अभिक्रियेचे स्पष्टीकरण तिने मिळत नाही. १९२३ साली ब्रॉन्स्टेड व लाऊरी यांनी अधिक व्यापक व्याख्या दिली. तरीही शालेय रसायनशास्त्रात आम्ल व आम्लारी यांची ओळख आजही बहुधा अऱ्हेनियस यांच्या व्याख्येपासूनच होते.