पाखरांचे सोबती सालिम अली

सालिम अली यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईस झाला. आईबापांचे छत्र बालपणीच हरपल्याने मामा अमीरुद्दीन तय्यबजी यांनी त्यांचा सांभाळ केला. छोटा सालिम छऱ्यांच्या बंदुकीने चिमण्या टिपीत असे. एके दिवशी पडलेल्या चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला. ही चिमणी कोणती? मामांनाही सांगता येईना. त्यांनी भाच्यास ‘बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी’त धाडले. तेथील चिटणीस मिलार्ड यांनी चिमणीची ओळख पटवली आणि जतन केलेले नाना पक्षी दाखवले. मेलेल्या पाखराने मुलाला नवी दृष्टी दिली!

पुढे १९३० साली हाती नोकरी नसताना ते अलिबागेजवळ किहीम येथे राहिले. तेथे शिडीवर, कापडाच्या आडोशात बसून ते सुगरण पक्ष्यांची वसाहत न्याहाळीत. ते निश्चल असत, म्हणून पाखरे निर्भयपणे आपले काम करीत. सुगरणीचे घरटे नर विणतो आणि एकाच नराच्या निरनिराळ्या घरट्यांत वेगवेगळ्या माद्या नांदतात, हे त्यांनी दाखवून दिले. २० जून १९८७ रोजी त्यांचे निधन झाले.

मुलांनो, परसात ताटलीभर पाणी व मूठभर धान्य ठेवा आणि दूर स्तब्ध बसा. पाखरू आपण होऊन येईल.